दोन नद्यांचे सांगडे

सांगडे सर नवीन माणूस भेटला की त्याचं नाव विचारत नसत. आडनाव विचारत. नाव काय, आईबापांनी हौसेनं ठेवलेलं असतं, त्यात बघायचं काय, असं त्यांचं म्हणणं. आडनाव कळलं की पुढचा प्रश्न, "म्हणजे काय?" बहुतेकांना सांगता यायचं नाही. मग सर डोक्यावरची पांढरी टोपी मागं सरकवत, खुर्ची पुढं ओढत आणि समोरच्याचा अर्धा तास गेलाच म्हणून समजायचं.

न्हावऱ्याला ते आम्हाला इतिहास शिकवायला होते. आठवीच्या पहिल्याच तासाला त्यांनी हजेरी घेता घेता प्रत्येकाला आडनावाचा अर्थ विचारला आणि ज्यांना आला नाही त्यांना घरी विचारून यायला सांगितलं. माझं आडनाव आमच्या गावात गल्लोगल्ली आहे. मी उभी राहिले तर म्हणाले, "तुमचं बरंय मनीषा. डोळे झाकून दगड मारला तरी तुमच्यातल्याच कुणाला तरी लागतोय. आमचं तसं नाही." घरी विचारलं तर वडील म्हणाले, आडनावाला कुठं अर्थ असतो, ते सातबाऱ्यावर लिहायला असतं. दुसऱ्या दिवशी मी तेच वर्गात सांगितलं. सर पोट धरून हसले आणि म्हणाले, "पुरावा काय?"

हा त्यांचा दुसरा लाडका शब्द. अमका राजा शूर होता म्हणावं, तर पुरावा काय. पोटात दुखत होतं म्हणून काल आलो नाही म्हणावं, तरी पुरावा काय. काकू, म्हणजे सरांच्या बायको, सांगायच्या की लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी भाजीत मीठ बरोबर आहे असं सांगितलं तेव्हाही सरांनी हेच विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी काकूंनी पुरावा म्हणून मिठाचा डबाच ताटाशेजारी ठेवला आणि भाजी अळणी केली.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बी.कॉम. आज रांजणगावला एका कंपनीत एच.आर.च्या टेबलावर बसते आणि हे सांगताना माझी मान आपोआप ताठ होते. त्या मानेला ताठ व्हायची सवय सरांनी लावली. ते गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या दहाव्याला इतके सांगडे जमले की गावातल्या लोकांना प्रश्न पडला, हे एवढे सगळे आले कुठून. त्याचं उत्तर म्हणजेच सर.

सांगड म्हणजे काय ते आधी सांगते, कारण सर असते तर त्यांनी तेच आधी सांगितलं असतं. दोन मोठे भोपळे वाळवून पोकळ करायचे, बांबूला दोरीनं करकचून बांधायचे, की झाली सांगड. पूल नव्हते त्या काळी पुराच्या पाण्यातून माणसं अशी पलीकडं नेत. ती चालवणारे ते सांगडे. "सांगड घालणे हा शब्द मराठी भाषेला आमच्या घरानं उसना दिलाय," असं सर म्हणायचे, "आजून परत आलेला नाही."

आम्हाला हे खरं वाटेना. मागच्या बाकावरून कुणीतरी बारीक आवाजात "पुरावा काय" म्हणालं. सरांनी तास तिथंच थांबवला. त्यांच्या बैठकीत खिळ्याला एक वाळका भोपळा कायम टांगलेला असायचा. तो आणि त्याचा जोडीदार घेऊन ते दुसऱ्या दिवशी शाळेत आले आणि अख्खा वर्ग शाळेमागच्या शेततळ्यावर नेला. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, टोपी माझ्या हातात दिली आणि सांगडीवर बसून सर पाण्यात उतरले. तरंगले. खरंच तरंगले. हातानं वल्हवत या कडेचे त्या कडेला गेले तेव्हा आम्ही टाळ्यांनी शिवार दणाणून सोडलं.

पण शेततळ्याला प्लास्टिकचा कागद असतो, आणि ओला कागद साबणासारखा निसरडा. सांगड्यांच्या पूर्वजांना घाट होता, कागद नव्हता, हे सरांच्या ध्यानात आलं नव्हतं. वर यायला गेले की घसरून पुन्हा पाण्यात. शेवटी शेजारच्या मळ्यातून कासरा आणला, त्याचं एक टोक सरांच्या कमरेला आणि दुसरं टोक वर्गातल्या सगळ्या पोरांच्या हातात. हेडमास्तर धावत आले तेव्हा सर काठावर पाणी निथळत उभे होते. हेडमास्तर काही बोलायच्या आत त्यांनी आमच्याकडं बघून एवढंच म्हटलं, "पुरावा."

सरांचं मूळ घर दौंडच्या बाजूला, भांडगावला. त्यांचे धाकटे भाऊ, त्यांना सगळे आप्पा म्हणत, तिथं ऊस करत. नोकरी मात्र सरांची सगळी शिरूर तालुक्यात गेली. मधे भीमा. भांडगावला जाता-येता पारगावच्या पुलावर एस.टी. आली की सर टोपी काढून हातात धरत आणि पूल संपला की घालत. शेजारच्या प्रवाशाला वाटे गरम होतंय. सर त्याला आडनाव विचारत.

आडनाव अगदी कमी लोकांचं. वरवंडला दोन घरं, केडगावला एक, दौंडात रेल्वेच्या नोकरीमुळं आलेलं एखादं. तेवढे सोडले तर सरांना आयुष्यात दुसरा सांगडे भेटला नव्हता, म्हणून कुठं पाटीवर ते नाव दिसलं की त्यांचा पाय निघत नसे. माझ्या कॉलेजच्या ॲडमिशनला सरच मला त्यांच्या एम-एटीवर घेऊन निघाले होते. वडिलांना ऑफिसच्या खिडकीची धास्ती वाटायची, कंपनीतल्या साहेबाची जशी वाटते तशी. शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या गर्दीत सरांना एका टेम्पोच्या मागं रंगवलेलं दिसलं, 'सांगडे बंधू'. टेम्पो चाकणकडं वळला आणि आम्ही पण. मी मागून ओरडतेय, सर, खिडकी दोनला बंद होते. सर म्हणताहेत, टेम्पो पण कुठंतरी बंद होईलच.

एका ढाब्यावर तो बंद झाला. ड्रायव्हर बिहारकडचा निघाला. म्हणाला, गाडी सेकंडहँड घेतली, नाव तसंच राहिलं, पुसायला वेळ कुणाला आहे. माझं तोंड पडलं. सरांचं उजळलं. "किस से लिया?" त्यांनी विचारलं. "कोई घोडनदी साइड का किसान था, सर." सरांनी त्या माणसाला चहा पाजला, वर भजी खाऊ घातली. खिडकी बंद होता होता आम्ही पोचलो आणि माझं ॲडमिशन झालं. पण त्या दिवशी शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठावर, अगदी वेगळ्या अंगाला सांगड्यांची एक अख्खी वस्ती आहे हा शोध लागला, तो सरांच्या लेखी जास्त मोठा.

टेम्पो विकणाऱ्या शेतकऱ्याला सगळे नाना म्हणत. सर पुढच्याच रविवारी त्यांच्याकडं जाऊन आले, आणि त्या दिवाळीपासून सांगड्यांचा मेळावा सुरू झाला. वरवंडला मंगल कार्यालयात. दोन्हीकडची माणसं यायची, बुंदी-मठ्ठ्याचं जेवण, दहावी-बारावीच्या पोरांचे सत्कार आणि शेवटी सरांचं भाषण.

भाषण एकच. भीमेच्या घाटावर आपला मूळ पुरुष सांगड चालवायचा. पुराला भ्यायचा नाही. त्याला इतके मुलगे झाले, एक भांडगावला राहिला, एक वरवंडला गेला, एक घोडनदीला गेला. आपण सगळे त्या एकाची लेकरं, म्हणून इथं बसलेला प्रत्येकजण एकमेकांचा भाऊ आणि बहीण. गंमत अशी, की नवीन गावात सांगडे सापडला की पुढच्या मेळाव्यात मूळ पुरुषाला आणखी एक मुलगा झालेला असे.

पहिल्या मेळाव्याला सरांनी वरवंडच्या बौद्ध वस्तीतल्या गौतममामा सांगड्यांना आग्रहानं बोलावलं होतं. रेल्वेतून निवृत्त झालेला ताठ, मिश्कील माणूस. त्यावर काही जण कुजबुजले, आडनाव एक असलं म्हणून काय झालं. जेवायला बसताना मामांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. सरांनी आपलं ताट उचललं, एका बाजूला स्वतः बसले, दुसऱ्या बाजूला आप्पांना दंडाला धरून बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पुरात सांगडीवर बसताना कुणी जात विचारली नव्हती. बुंदीत विचारायची काय गरज?" नंतरच्या भाषणात मूळ पुरुषाचा वरवंडचा मुलगा मामांचा पणजा निघाला. मामा हात पुसत म्हणाले, "सर, मला घरात घ्यायला तुम्ही त्याला आणखी एक पोरगा दिलात. त्याच्या बायकोचा तरी इचार करायचा." सगळं कार्यालय हसलं, आणि पुढच्या वर्षी खुर्च्या रिकाम्या राहिल्या नाहीत.

तर अशा या मेळाव्यात, आल्या-गेल्यांची नोंद ठेवायच्या टेबलावर बसलेली आप्पांची पूजा आणि वाढपी म्हणून फिरणारा नानांचा धाकटा किरण यांची ओळख झाली. पूजा दौंडला दवाखान्यात नर्स, किरण रांजणगावला मशीनवर. दोन दिवाळ्या गेल्या आणि तिसरीच्या आधी पूजानं घरी सांगितलं, लग्न करीन तर किरणशी.

आप्पांनी आकाश-पाताळ एक केलं. मुलगा निर्व्यसनी, घर चांगलं, पण आडनाव तेच. भावकीत कुठं सोयरीक होते का? आणि भावकी आहे हे कोण म्हणतं? सख्खा मोठा भाऊ म्हणतो, दर दिवाळीला, माईकवरून. पूजा न्हावऱ्याला सरांकडं आली तेव्हा मी तिथंच होते. ती डोळ्यांत पाणी वगैरे घेऊन आली नव्हती. उलट आल्या आल्या म्हणाली, "काका, नाव बदलायची भानगडच न्हाई. आधार कार्ड, बँक, सगळं हाय तसं ऱ्हाईल." सरांना हसू आलं नाही. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. एरवी रागावले तरी ते पुण्याचं बोलत. त्या दिवशी भीमेच्या काठचं बोलले. "भाव हाय त्यो तुझा. एका रक्ताचं लेकरू. मी जल्मभर काय बोंबलत आलो मग?"

पूजा म्हणाली, "काका, पुरावा काय?"

 सर भोपळ्याकडं बघत बसले. त्यांच्यापाशी पुरावा नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं, आणि बहुधा त्यांनाही.

तरी ते मागं हटले नाहीत. म्हणाले, नानांना समोरासमोर सांगून येतो, पोराला आवर घाला म्हणून. नानांच्या थोरल्याचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं. सरांना आमंत्रण अक्षतांचं होतं, पण मांडवात असलं बोलणं बरं नव्हे म्हणून आम्ही आदल्या दिवशीच निघालो, सर माझ्या स्कूटीवर मागं बसून. वाटेत त्यांनी नानांना काय काय सुनवायचं ते मला तीनदा म्हणून दाखवलं.

नानांच्या वस्तीवर पोचलो तर समोरून वाजंत्री येत होती. मारुतीच्या देवळातून देवक आणत होते. लग्नाच्या आदल्या दिवशी घराण्याचं जे झाड असेल त्याची फांदी वाजतगाजत आणून मांडवात पुजतात. ज्यांचं देवक एक ते एका कुळीचे, त्यांच्यात लग्न होत नाही. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सरांनाही ठाऊक होतं. पण सर म्हणजे अक्षतांच्या वेळेला येणार, माईक घेणार, मांडवात किती सांगडे आले ते बघून खूश होणार आणि जेवून जाणार. घोडनदीच्या कुठल्याच लग्नाला ते आदल्या दिवशी गेलेले नव्हते. मांडवात पाटावर देवक बसलेलं असे, हळदी-कुंकवानं आणि सुतानं झाकून गेलेलं, त्याच्याकडं कोण बघतो.

नवरदेवाच्या चुलत्याच्या हातात फांदी होती. सर स्कूटीवरून उतरले आणि रस्त्यातच उभे राहिले. नाना हात जोडत पुढं आले. सरांनी रामराम पण केला नाही. "नाना, ही फांदी कशाची?"

"उंबराची की," नाना म्हणाले. "आपलं देवक न्हवं का सर ते, सांगड्यांचं."

"सांगड्यांचं देवक कळंब," सर म्हणाले.

"आमचं तर बापजाद्यापासून उंबर."

वाजंत्री पुढं गेली. सर तसेच उभे.  मग त्यांनी नानांचा हात धरला आणि कुळी विचारली, कुलदैवत विचारलं. सरांचं घर जेजुरीचं, नानांचं तुळजापूरचं. काहीच एक नव्हतं. एक होतं ते फक्त आडनाव. नाना बिचारे बावरले, म्हणाले, सर, काही चुकलं का आमचं? सर म्हणाले, "तुमचं न्हाई. पोरगा लई चांगला हाय तुमचा." आणि मला म्हणाले, चल.

 न्हावरा आल्यावर म्हणाले, "मनीषा, दोन नद्या हायेत गं. दोन्हीला पूर येतो. सांगड दोन्हीकडं लागणारच की. हे मला सुचलं कसं न्हाई?"

प्रश्न तिथंच मिटला असता. सर भांडगावला गेले, आप्पांना म्हणाले, कर लग्न, कुळी वेगळी आहे. पण आप्पा पक्के. म्हणाले, "दादा, भावकी हाय म्हणून माईकवर सांगितलं, आन् न्हाई म्हणून कानात सांगता व्हय? लोक माझ्या पोरीच्या तोंडावर बोलतील. जिथं सांगितलं तिथंच सांगा."

काकू म्हणाल्या, राहू द्या, लोक हसतील. सरांना हसण्याचं भय नव्हतं. त्यांना वेगळीच भीती होती, ती त्यांनी मला बोलून दाखवली. आपण एका घरचे नाही असं कळल्यावर माणसं पुढच्या दिवाळीला येतील कशाला? आयुष्यभर एकेक करून गोळा केलेली. एक वाक्य बोलायचं आणि सगळी पांगायची. दुसरीकडं पूजा होती, ती फोन करून काही विचारत नव्हती, आणि तेच त्यांना जास्त लागत होतं.

दिवाळी आली. कार्यालय भरलं. सत्कार झाले. सरांनी माईक घेतला आणि टोपी काढून टेबलावर ठेवली. माईकवर ते कायम पुण्याचं बोलत. त्या दिवशी पहिल्यांदा माईकवर भीमेच्या काठचं बोलले.

"मंडळी, मी तुमाला इतकी वर्सं जी गोष्ट सांगत आलो, तिला पुरावा न्हाई."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कळंब सांगितला, उंबर सांगितला. आपण लग्नाला उशिरा जायचो हेही सांगितलं. मूळ पुरुष एक नव्हता, त्याला मुलगे मीच देत गेलो, असं म्हणाले तेव्हा मागं कुणीतरी खुसकन हसलं, पण बाकी कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेत आप्पा मान खाली घालून, नाना छताकडं बघत. पूजानं ओढणीचं टोक मुठीत धरलेलं.

गौतममामा उभे राहिले. म्हणाले, "सर, एक इचारतो. काल मी तुमचा भाव हुतो. आज कोण?"

मला वाटलं, झालं. सरांची भीती खरी ठरली.

सर म्हणाले, "मामा, भाव तुमाला मी गोष्टीत केलं हुतं. माझ्या सोयीनं. खरं असं दिसतंय, की पुराच्या पाण्यात उतरायला माणूस लागायचा. ज्याला भ्या न्हवतं त्यो उतरला. तुमचा पणजा उतरला, माझा उतरला, नानांचा तिकडं घोडनदीत उतरला. कुणी कुणाचं कोण न्हवतं. जो उतरला त्यो सांगडे. ह्ये नाव कुणाच्या पोटी जल्मून न्हाई मिळालेलं मामा. आपल्या माणसांनी कमावलंय."

मामांनी विचारलं, "आन् याला पुरावा?"

"न्हाई," सर म्हणाले. "अंदाज हाय. पर या खेपेला पोरगा न्हाई वाढवला."

पहिली टाळी मामांची. म्हणाले, "मग ह्ये आधीपरास बरं हाय. भाव म्हणून मला कुणीतरी आत घेतलं हुतं. आता मी माझ्याच पायानं आलोय." आणि मग कार्यालयात जे सुरू झालं ते शेततळ्यावरच्या टाळ्यांच्या वरताण होतं. माणसं उठून एकमेकांकडं जात होती, दहा वर्षं ओळख असलेली माणसं नव्यानं विचारत होती, तुमचं देवक काय, तुमच्याकडं सांगड कुठल्या घाटावर होती. कुणीच पांगत नव्हतं. या गलक्यात आप्पा व्यासपीठापाशी आले. "म्हंजी दादा, सोयरीक हुतीय?"

"हुतीय," सर म्हणाले.

आप्पांनी नानांना मिठी मारली. सुपारी तिथंच फुटली, बुंदीचा दुसरा घाणा लावावा लागला आणि संध्याकाळच्या आत कुणीतरी व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव बदललं, 'दोन नद्यांचे सांगडे'. सरांना विचारून.

लग्न वरवंडला झालं. सर या वेळी आदल्या दिवशी सकाळीच हजर. कळंबाची फांदी त्यांनी स्वतः आणली, कुणाला हात लावू दिला नाही, आणि दुपारी नानांना फोन करून उंबर निघाला का म्हणून दोनदा विचारलं. मंगलाष्टकं झाल्यावर माईक त्यांच्याकडं आला तेव्हा म्हणाले, आज मला काही बोलायचं नाही. तेही त्यांनी पाच मिनिटं बोलून सांगितलं.

पाठवणीच्या गाड्या शिरूरकडं निघाल्या. मी स्कूटीवर मागून, सर माझ्या मागं. पारगावच्या पुलावर त्यांनी सवयीनं टोपी काढली आणि पूल संपल्यावर घातली. न्हावरा आलं. मी स्कूटी घराकडं वळवायला लागले तर म्हणाले, "सरळ घे. पोरगी पोचली का बघून येऊ."

घोडनदीपाशी पोचलो तर गाड्या थांबलेल्या. नवरा-नवरी काठावर उतरली होती, नदीची ओटी भरायला. नदीला पाणी भरपूर होतं, ऊन कलतं होतं. पूजानं खण-नारळ पाण्यात सोडला, किरणनं नाणं टाकलं. वर रस्त्यावर वाजंत्रीवाल्यांनी पुन्हा सुरुवात केली.

सर स्कूटीवरून उतरले, काठापर्यंत चालत गेले. मला पाठमोरे दिसत होते. त्यांनी हळूच टोपी काढली. किती वर्षं या नदीशेजारून आले-गेले असतील, इथं त्यांनी ती कधी काढली नव्हती. नाना मागून म्हणाले, सर, ऊन लागंल, टोपी घाला. सर वळले नाहीत.

"ऱ्हाऊ द्या नाना," ते म्हणाले. "हिची लई वर्सांची बाकी थकलीय."